वीस सेकंद की पाऊण तास?

सायकलची व्यावसायिक शर्यत रस्त्याकडेला उभं राहून बघायची असेल, तर एक गोष्ट आधीच पचवून घ्या. क्रिकेटचं तिकीट काढून स्टेडियममध्ये बसलात की सामना दिवसभर तुमच्यासमोर चालतो. इथे सामना तुमच्यासमोरून निघून जातो. तुम्ही पहाटे उठणार, रस्ता बंद व्हायच्या आत जागा धरणार, चार-पाच तास उन्हात ताटकळणार आणि मग झुऽऽम! रंगीबेरंगी कपड्यांचा एक घोळका, साखळ्यांचा आवाज, तोंडावर वाऱ्याचा झोत, आणि मागे गाड्यांची रांग. कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत सगळं संपलेलं. टीव्हीवर पाच तास दिसणारी शर्यत प्रत्यक्षात वीस सेकंदांची होते.

याला उपाय आहे, आणि तो तिकीट-हॉटेलच्या वेबसाइटवर मिळत नाही. तो आपल्या सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे. (सर, तुम्ही वाचत असाल तर, हो, उपयोग झाला एकदाचा!) सहलीचं नियोजन म्हणजे विमान, व्हिसा, राहणं असं बहुतेकांना वाटतं. माझं म्हणणं, उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा. बाकी सगळं त्या एका बिंदूपासून उलटं मोजत यायचं.

आधी गणित उरकून घेऊ. सायकलस्वाराला मुख्यतः तीन गोष्टी मागे खेचतात: हवेचा विरोध, चाकांचं घर्षण आणि चढ असेल तर स्वतःचं वजन. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. आता स्वार आणि सायकल मिळून ७० किलो धरा. (यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, त्यामुळे स्वार साधारण ६३ किलोचा झाला. चढाच्या पोरांच्या मानाने ठीकच.) हा गडी ३८० वॅट देतोय असं समजू. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, तो एकटा साधारण ताशी ४५ किलोमीटरने जाईल. त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास वॅट नुसते हवा कापण्यात जातात.

आता हेच ३८० वॅट आठ टक्क्यांच्या चढावर लावा. ७० किलोचा चढाच्या दिशेतला घटक होतो जवळजवळ ५५ न्यूटन. करून बघा, वेग येतो सेकंदाला सहा मीटर, म्हणजे ताशी २१-२२ किलोमीटर. आणि हवेचा वाटा? दहा टक्क्यांच्याही आत!

शर्यतीची सगळी गंमत या दोन टक्केवारींमध्ये आहे. सपाट रस्त्यावर हवा हाच शत्रू असल्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाला राहिलं की एक तृतीयांश पॉवर सहज वाचते, घोळक्याच्या पोटात तर त्याहून जास्त. म्हणून सगळे एकमेकांना चिकटून जातात. २०२५ च्या टूर द फ्रान्सला २३ संघांचे प्रत्येकी आठ, असे १८४ स्वार सुरुवातीला होते. इतका घोळका रस्त्यावर दोनशे मीटर पसरला, तरी ताशी ४५ च्या वेगाने तो तुमच्यासमोरून सोळा सेकंदांत पार. चढावर मात्र आडोशाची किंमत राहत नाही. तिथे ज्याच्या त्याच्या पायात किती वॅट आणि अंगावर किती किलो, एवढाच हिशेब उरतो. मग घोळका फुटतो. एक-एक, दोन-दोन, वीस-वीस असे गट तयार होतात आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय वेग निम्मा! चेहरा दिसतो, श्वास ऐकू येतो, कोण कोणाकडे वळून बघतोय तेही कळतं.

तेव्हा बघायला जायचं ते घाटात. आपल्याला हे नवीन नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढून येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि जुने लोक शर्यत कोण जिंकलं हे विसरले तरी घाटाचा राजा कोण होता ते सांगतात. फ्रान्समध्ये त्याच मानासाठी पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी असते. मान १९३३ पासूनचा, ठिपके १९७५ पासूनचे.

घाट नको असेल तर आणखी दोन-तीन पर्याय आहेत. एक म्हणजे टाइम ट्रायल. स्वार एकेक करून मिनिटा-दीड मिनिटाच्या अंतराने सुटतात, त्यामुळे एकाच जागी बसून तीन-चार तास सगळे जण एकेकटे बघायला मिळतात. सायकल, हेल्मेट, बसण्याची ढब, यांत रस असलेल्या मेकॅनिकलवाल्यांनी हाच दिवस धरावा. दुसरा पर्याय फेऱ्यांच्या मार्गाचा. २०२५ ची जागतिक स्पर्धा रवांडात किगालीला झाली (आफ्रिकेत पहिल्यांदाच), तिथे शहरातल्याच डोंगराळ मार्गावर स्वार पुन्हा पुन्हा येत होते. बेल्जियमच्या फ्लँडर्स शर्यतीत ऑउदे क्वारेमाँट नावाची दगडी फरसबंदीची टेकडी पुरुषांना तीनदा चढावी लागते. एका जागी उभं राहून तीन वेळा शर्यत, आणि दर वेळी माणसं कमी झालेली. शेवटच्या रेषेजवळ उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पुढे पाहुणे, मागे आपण, आणि मध्ये जाहिरातींचे फलक.

आता प्रत्यक्ष उदाहरण. २०२२ साली मी जर्मनीत एम.एस. करत होतो आणि माझे मोठे काका उन्हाळ्यात माझ्याकडे येणार होते. काकांनी तरुणपणी मुंबई-पुणे शर्यत दोनदा केली होती, दोन्ही वेळा बोरघाटात पुढच्या गटातून सुटले होते. (‘सुटणं’ हा त्यांचा शब्द. यात दुःख किती असतं ते सायकलवाल्यालाच कळतं.) आता वय चौसष्ट, एका गुडघ्याची कुरकुर, परदेशात येण्याची ही पहिली आणि त्यांच्या मते शेवटची वेळ. फोनवर त्यांनी आयफेल टॉवर वगैरे काही मागितलं नाही. म्हणाले, “अरे, तो एकवीस वळणांचा घाट आहे ना, तिथं नेशील का?”

एकवीस वळणांचा घाट म्हणजे आल्प द्युएझ. फ्रेंच आल्प्समधल्या बूर द्वाझाँ या गावापासून निघणारा १३.८ किलोमीटरचा रस्ता, सरासरी चढ ८.१ टक्के, वर १८५० मीटरवर स्कीईंगचं गाव. टूर इथे पहिल्यांदा आली १९५२ साली आणि फाउस्तो कॉप्पी जिंकला. मग १९७६ पर्यंत कोणी फिरकलंच नाही, त्यानंतर मात्र हा घाट टूरचं देवस्थान झाला. वळणांना नंबर आहेत, पण उलटे. खाली २१, वर १. प्रत्येक वळणावर तिथे जिंकलेल्याच्या नावाची पाटी. विजेते एकवीसपेक्षा जास्त झाल्यावर परत खालपासून नावं लावायला घेतली.

आणि २०२२ मध्ये १४ जुलैला टूर तिथे येणार होती. ब्रियाँसोंहून निघून गालिबिए, मग क्रोआ द फेर, आणि शेवटी आल्प द्युएझ. १६५ किलोमीटर, तीन अजस्र घाट. वर १४ जुलै म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय सण, सगळ्यांना सुट्टी. गर्दी किती होणार याची कल्पना करा.

प्रश्न काकांच्या गुडघ्याचा होता. रस्ता गाड्यांना आधीच बंद होतो, त्यामुळे वर जायचं ते पायी किंवा सायकलवर. सगळ्यांत प्रसिद्ध जागा म्हणजे सातवं वळण, ‘डच कॉर्नर’. नारिंगी कपड्यांतले डच लोक तिथे दिवसचे दिवस तळ ठोकून असतात, संगीत, बिअर, धूर, आपल्या मिरवणुकीसारखा दणदणाट. पण वळणं उलटी मोजायची हे लक्षात ठेवा. सातवं वळण म्हणजे घाटाचा बराचसा भाग चढून गेल्यावर. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अकराशे मीटरची चढाई आहे, आपल्या सिंहगडाच्या पायवाटेच्या जवळपास दुप्पट. काकांना सातव्या वळणापर्यंत नेलं असतं तर शर्यत बघून झाली असती, पण उतरताना गुडघ्याने संप केला असता. आणि संध्याकाळी खाली आणायला गाडी नाही, रिक्षा नाही, काही नाही.

इथे ते गणित परत कामाला आलं. मला घोळका फुटलेला हवा होता आणि वेग कमी हवा होता. त्यासाठी घाटाच्या वरच्या भागात जायची गरजच काय? घोळका फोडण्याचं काम गालिबिए आणि क्रोआ द फेर यांनी आधीच केलेलं असणार. म्हणजे आल्प द्युएझच्या पायथ्याशीच मंडळी तुकड्यातुकड्यांत येणार. आणि या घाटाचे पहिले दोन-अडीच किलोमीटर सगळ्यांत खडे, दहा टक्क्यांच्या आसपास. तिथे ३८० वॅटवाल्याचा वेगही ताशी अठरावर येतो. तेव्हा जागा ठरली: १७ आणि १६ या वळणांच्या मध्ये, ला गार्द या वस्तीच्या जरा खाली. गावातून चार किलोमीटरच्या आत चाल, अडीचशे मीटरच्या आसपास चढाई, पहाटेच्या गारव्यात, बसत बसत. एवढं काकांना जमणार होतं.

तुमच्यासाठी यातून निघणारा नियम असा: दिवसाचा शेवटचा घाट निवडा आणि त्याच्या खालच्या भागात, सगळ्यांत खड्या तुकड्यावर उभे राहा. आधीचे घाट तुमच्यासाठी चाळणी लावून देतात. वरची माणसं पहिल्याला जिंकताना बघतात हे खरं, पण तुम्ही सगळ्यांना बघता.

जागा ठरली की तिथून मागे मोजायचं. टूरचा मार्ग आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो. (ऑक्टोबर २०२५ मध्ये २०२६ चा मार्ग जाहीर झाला, त्यात आल्प द्युएझ लागोपाठ दोन दिवस! एक दिवस नेहमीच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी मागून, सारेनच्या घाटावरून.) जाहीर झाल्यावर हॉटेलं भराभर भरतात, आणि ज्यांच्याकडे कॅम्परव्हॅन आहे ते युरोपियन लोक हॉटेलच्या नादाला लागतच नाहीत. ते शर्यतीच्या कितीतरी दिवस आधी येऊन रस्त्याकडेला संसार मांडतात. आपल्यासारख्याला परवडणारा मार्ग म्हणजे तंबू. बूर द्वाझाँच्या आसपास दरीत कॅम्पिंगची मैदानं आहेत, पाणी, संडास, आंघोळ सगळी सोय. मी जानेवारीत दोन रात्रींची जागा धरली. घाटाच्या पायथ्याशीच झोपायचं, यावर मी ठाम होतो. शर्यतीच्या दिवशी सकाळी बाहेरून बस पकडून येऊ म्हणणाऱ्यांनी परत एकदा विचार करावा. रस्ता कधी बंद होईल ते बसच्या हातात नसतं, आणि बस चुकली की सगळं मुसळ केरात.

तिथे रेल्वे जात नाही. रेल्वेने ग्रेनोबलपर्यंत यायचं (लिऑनहून दीड तासाच्या आत), तिथून पन्नासेक किलोमीटर बसने. हे आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरकून टाकावं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतातून येणाऱ्याला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. ‘किमान’ या शब्दावर जाऊ नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. मोठ्यांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, शिवाय किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. टूर फ्रान्समध्ये असली तरी काकांचा मुक्काम जास्त दिवस माझ्याकडे होता, म्हणून अर्ज जर्मनीकडे केला. तोच व्हिसा फ्रान्सला चालतो. आणि रस्त्याकडेला उभं राहायला तिकीट? शून्य. जगातली एवढी मोठी स्पर्धा आणि प्रवेश फुकट, हे काकांना शेवटपर्यंत पटलं नाही. दोघांचा तिथला खर्च, रेल्वेभाडं सोडून, दोनशे युरोंच्या आत बसला. त्यात काकांनी पुण्याहून आणलेल्या मेथीच्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा वाटा मोठा होता.

आता वेळापत्रक. आयोजक प्रत्येक टप्प्याचं एक वेळापत्रक काढतात, त्यात प्रत्येक गाव, प्रत्येक घाट किती वाजता येणार ते दिलेलं असतं. पण एक वेळ नसते, तीन असतात: मंद, मध्यम आणि जलद अशा तीन सरासरी वेगांप्रमाणे. आपल्या प्रयोगाच्या जर्नलमध्ये एरर बार असतो ना, तसंच समजा. दीडशे किलोमीटरवरचं ठिकाण ताशी ४४ ने तीन तास पंचवीस मिनिटांत येतं, ४० ने पावणेचार तासांत. वीस मिनिटांचा फरक. शर्यतीत जसजसं पुढे जाल तसा हा फरक वाढत जातो, म्हणून शेवटच्या घाटावर उभे असाल तर जलद वेगाचा रकाना बघून तयार राहायचं आणि मंद वेगाचा रकाना बघून धीर धरायचा. त्याच कागदावर आणखी एक रकाना असतो, जाहिरातींच्या ताफ्याचा. तो स्वारांच्या साधारण दोन तास आधी येतो.

हा ताफा म्हणजे काय प्रकरण आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. चाकांवरची जत्रा! दीडशेच्या आसपास गाड्या, कोणावर भला मोठा कोंबडा, कोणावर चीजचा डोंगर, आणि वरून पोरं-पोरी टोप्या, बिस्किटं, चाव्यांच्या रिंगा उधळत जातात. सुटाबुटातले वाटावेत असे लोकही त्यावर झडप घालतात. काकांनी सुरुवातीला “काय हा पोरकटपणा” म्हणून तोंड फिरवलं. दहाव्या गाडीला ते पुढे होते. त्यांना लाल ठिपक्यांची टोपी मिळाली, आणि “घाटाचा राजा झालो रे” म्हणून ती त्यांनी दिवसभर डोक्यावरून काढली नाही.

त्या दिवशी ऊन भयंकर होतं. त्या जुलैत फ्रान्समध्ये उष्णतेची लाटच होती. डोंगर म्हणजे थंडी, या समजुतीवर स्वेटर आणि एक पाण्याची बाटली घेऊन येणारे लोक दुपारी बारालाच कासावीस झाले. आम्ही माणशी चार लिटर पाणी नेलं होतं आणि ते पुरलं, उरलं नाही. रस्त्याच्या कोणत्या बाजूला बसायचं तेही आदल्या संध्याकाळी जाऊन ठरवून ठेवलं होतं. दुपारी सावली कुठे पडेल ते बघून, आणि डोंगराच्या कुशीकडची बाजू धरून, कारण मागे टेकायला कातळ मिळतो आणि धक्काबुक्कीत दरीत जायची भीती नाही. खाली येणारा रस्ता नजरेच्या टप्प्यात हवा, म्हणजे स्वार समोर यायच्या आधीच वळणावर दिसतात. मोबाइलचं नेटवर्क हजारो लोकांमुळे दुपारनंतर बसतं, त्यामुळे वेळापत्रक कागदावर छापून नेलेलं बरं.

पाच वाजून गेल्यावर दरीतून हेलिकॉप्टरचा आवाज आला. हीच खरी घंटा. हेलिकॉप्टर जिथे, तिथे शर्यत. आधी पोलिसांच्या मोटरसायकली, मग लाल गाडी, आणि मग पळालेला पुढचा छोटा गट. त्यात टॉम पिडकॉक होता, बावीस वर्षांचा ब्रिटिश पोरगा, गालिबिएच्या उतारावर त्याने जी काय सायकल हाणली होती ती मी रात्री परत बघितली. त्यात ख्रिस फ्रूमही होता, चार वेळा टूर जिंकलेला. जीवघेण्या अपघातानंतर परत उभा राहिलेला माणूस आमच्यापासून दीड मीटरवरून गेला. काका एक शब्द बोलले नाहीत. मग काही मिनिटांनी पिवळ्या जर्सीचा गट, आणि त्याच्यामागे फुटलेली, दमलेली, एकेकटी माणसं येतच राहिली.

इथे बरेच प्रेक्षक सामान आवरायला लागतात. पिवळी जर्सी गेली, संपलं! तुम्ही हलू नका. सगळ्यांत मागे येतो तो ‘ग्रुपेतो’, म्हणजे सपाटीवर जोर मारणाऱ्या वजनदार स्प्रिंटर मंडळींचा गट. यांना जिंकायचं नसतं, वेळेत पोहोचायचं असतं. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून जी मर्यादा येते तिच्या आत आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी घरी. समजा विजेत्याला पाच तास लागले आणि टक्केवारी पंधरा, तर पंचेचाळीस मिनिटं मिळतात. ही माणसं ते गणित सायकलवर बसून करतात आणि एकत्र राहून मर्यादेच्या जेमतेम आत येतात. एटीकेटीवाल्यांना वेगळं सांगायला नको! काकांनी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांना वाजवल्या. “हे माझे लोक,” म्हणाले. “सुटले, पण उतरले नाहीत.”

आता एक गोष्ट दटावून सांगतो. एवढ्या जवळून शर्यत जाते म्हणजे तुम्हीही शर्यतीचा भाग असता, आणि ती मोडू शकता. २०१८ मध्ये याच घाटावर विन्चेन्झो निबाली प्रेक्षकांच्या गर्दीत अडकून पडला. मणक्याला फ्रॅक्चर झालं, त्याने तसाच टप्पा पुरा केला, पण टूर सोडावी लागली. २०२१ च्या पहिल्याच टप्प्यात एक बाई पुठ्ठ्याची पाटी धरून टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली, स्वारांकडे पाठ. टोनी मार्टिन त्या पाटीवर आदळला आणि मागचा घोळका पत्त्यांसारखा कोसळला. घोळक्यात दोन चाकांमधलं अंतर वीतभर असतं. मागच्याला ब्रेक दाबायला वेळच नसतो. म्हणून पट्टा लोंबणारा कॅमेरा नको, झेंडा नको, सेल्फी तर नकोच. पाय रस्त्याच्या कडेच्या मागे, आणि नजर ज्या दिशेने शर्यत येतेय तिकडे. बाजूने पळत पळत पाठ थोपटणारे वीर टीव्हीत दिसतात, त्यांचा आदर्श घेऊ नका.

घाटात उभ्या असलेल्या माणसाला एक गोष्ट मात्र कळत नाही, जिंकलं कोण! आमच्या वरच्या बाजूला एका डच कुटुंबाने व्हॅनमध्ये छोटा टीव्ही लावला होता, त्याभोवती वीस डोकी. पिडकॉक जिंकला, फ्रूम तिसरा, एवढं तिथेच समजलं. एक साधा खिशातला रेडिओ न्या, फ्रेंच येत नसलं तरी नावं कळतात. २०२४ ला महिलांच्या टूरचा शेवटचा टप्पा याच घाटावर संपला तेव्हा तर रेडिओशिवाय पर्यायच नव्हता. १८ ऑगस्टला डेमी वोलरिंगने टप्पा जिंकला, पण कासिया नीविआदोमाने पूर्ण शर्यत फक्त चार सेकंदांनी राखली. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांना दोघींमधलं अंतर दिसत होतं, त्याचा अर्थ वर रेषेवर गेल्यावरच लागला. (महिलांची शर्यत गर्दी कमी म्हणून पहिल्या सहलीला जास्त सोयीची, असं माझं मत. शर्यत तर चुरशीची असतेच.)

आणि व्हिसा, तंबू, युरो यातलं काहीच जमणार नसेल, तर २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यातच ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. यूसीआयच्या २.२ दर्जाची, अनेक दिवसांची, परदेशी संघांसह. अशी शर्यत पुन्हा आपल्या भागातून जाईल तेव्हा कोणत्या चौकात सेलिब्रिटी येणार ते विचारू नका. मार्गाचा नकाशा घ्या, उंचीचा आलेख काढा, दिवसातला शेवटचा मोठा चढ शोधा, त्याचा सगळ्यांत खडा तुकडा पेन्सिलीने गोल करा आणि तिथे रस्ता बंद व्हायच्या आत पोहोचा. पाणी जास्त घ्या.

परत येण्याचं तेवढं सांगायचं राहिलं. शेवटच्या स्वाराच्या मागे एक गाडी असते, जो सोडून देईल त्याला उचलणारी. ती गेली तरी लगेच उठू नका. वरची सगळी गर्दी, सायकली, गाड्या एकदम खाली लोटतात, आणि दमलेल्या माणसाचे गुडघे उतारावरच दगा देतात. जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आम्ही कातळाला टेकून तासभर बसलो, उरलेल्या दशम्या संपवल्या, रस्ता मोकळा होऊ दिला आणि मग काकांनी काठी टेकत, टोपी सांभाळत, एकेक वळण उलटं मोजायला सुरुवात केली. सतरा, अठरा, एकोणीस…